काळ्या रानातली संडासाची टाकी: आधी पाणी कुठं जाणार ते बघा

अहमदपूरहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

‘गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घर बांधायला घेतलंय. आम्ही घरात सात माणसं, सणावाराला दहा होतात. या भागात भुयारी गटार नाही, म्हणून सेप्टिक टँक करायचाय. आमचा गवंडी म्हणतो, दहा फूट खोल बिनतळाची टाकी बांधू, ५५ हजारांत होईल, वीस वर्षं उपसायचं काम नाही. लातूरचा एक ठेकेदार आहे, तो लायसन्सवाला आहे म्हणतो. पक्की टाकी आणि शोषखड्डा मिळून १ लाख ४० हजार सांगतोय. आमच्या घरच्यांना गवंड्याचं पटतंय. पुण्याला असलेला मुलगा म्हणतो, लायसन्स असलेल्यालाच काम द्या. जमीन काळीभोर आहे. पुढच्या कोपऱ्यात आमचा बोअर आहे, प्यायला तेच पाणी. पावसाच्या आत काम उरकायचंय. काय करावं?’

ताई, नमस्कार.

कोणाला काम द्यायचं ते सांगतोच, पण सुरुवात तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापासून करतो. पुढच्या कोपऱ्यात बोअर आहे आणि प्यायला तेच पाणी, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. टाकी कशी हवी, शोषखड्डा करावा की नाही, कोणाचा भाव खरा, हे सगळं त्या एका वाक्यावरून ठरणार आहे.

गवंड्याची बिनतळाची टाकी आधी मनातून काढून टाका. ती पंचावन्न हजारांत नको आणि कोणी फुकट बांधून देत असेल तरी नको. ‘टाकीला तळ कशाला लागतो ताई, मुरायलंय तर मुरू द्या की,’ असं तो म्हणत असेल. आपल्याकडे निम्मे गवंडी हेच म्हणतात आणि त्यांच्या मनात काही खोट नसते. शेतातल्या घराला, जिथं आसपास विहीर नव्हती, तिथं त्यांच्या वडिलांनी असंच केलेलं असतं. पण बिनतळाची ती टाकी नव्हेच, तो खड्डा. टाकीत मैला आला की जड भाग तळाला बसतो, तेलकट-हलका भाग सायीसारखा वर धरतो आणि मधलं पाणी पलीकडच्या पाइपातून बाहेर पडतं. तळाच्या गाळावर हवेविना जगणारे जिवाणू काम करतात, त्यानं गाळ कमी होतो, पण संपत नाही. म्हणून चांगली टाकी पहिल्याच दिवसापासून पाण्यानं गळ्यापर्यंत भरलेली असते आणि कायम तशीच राहते. जितकं आत येईल तितकं बाहेर जातं. गाळ मात्र साठत जातो आणि दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो. वीस वर्षं न भरणारी टाकी गळत असते, एवढाच त्याचा अर्थ.

गळून ते जातं कुठं? आपल्या भागात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरुमाखाली काळा पाषाण. पाषाण अखंड नसतो, त्याला भेगा असतात आणि बोअरला पाणी लागतं ते याच भेगांमधून. बोअरवाले केसिंग पाइप घालतात तो वरच्या मऊ थरापुरता. खडक लागला की खाली भोक उघडंच असतं. दहा फूट खोल बिनतळाच्या खड्ड्यातला मैला मुरुमात उतरला, मुरूम आणि खडकाच्या सांध्यावरून सरकला आणि केसिंगच्या खालून बोअरमध्ये शिरला, तर त्याला अडवणारं मध्ये काहीच नाही. माती पाणी गाळते. खडकाची भेग गाळत नाही, ती नुसती वाट करून देते. काविळ, टायफॉइड, लेकरांचे जुलाब या वाटेनं घरात येतात आणि पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ असतं, म्हणून संशयही येत नाही.

आता अंतराचं. सेप्टिक टँकसाठी भारतीय मानक आहे, आयएस २४७०. त्याचा पहिला भाग टाकीचा आणि दुसरा भाग टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर, म्हणजे साधारण साठ फूट लांब असावा, असं हे मानक सांगतं. तुमचा प्लॉट तीस बाय चाळीस. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपी दोरी धरली तरी ती पन्नास फूट भरते. म्हणजे बोअर एका टोकाला आणि शोषखड्डा दुसऱ्या टोकाला केला तरी हिशेब बसत नाही. आणि हे झालं फक्त तुमच्या बोअरचं. भिंतीपलीकडं शेजाऱ्याचा बोअर आहे, मागच्या प्लॉटवाल्याचा उद्या होईल. ठेकेदारानं पक्क्या टाकीचा भाव दिला ते बरोबर केलं, पण शोषखड्डा कुठं घेणार आणि बोअर किती लांब, हे त्यानं विचारलं होतं का? विचारलं नसेल तर त्याचं लायसन्स खरं असलं तरी काम अर्धंच झालंय.

दुसरी अडचण काळ्या मातीची, आणि ती मी स्वतः भोगलीय. मी नोकरीत पाणीपुरवठा आणि सांडपाण्याच्या कामांवर होतो, तरी अंबाजोगाईला आईचं घर बांधताना बाहेरगावी असल्यामुळं शोषखड्डा ठेकेदाराच्या भरवशावर सोडला. मे महिन्यात त्यानं खड्डा घेतला. काळ्या मातीला हातभर भेगा पडलेल्या. त्यानं आईसमोर दोन बादल्या पाणी ओतलं, ते बघता बघता गडप झालं. ‘बघा आई, कसं पितंय रान!’ आई खूश. जुलैत भिजपाऊस लागला, माती फुगली, भेगा मिटल्या आणि खड्ड्यातलं पाणी जागचं हलेना. टाकी तुंबली, मग संडासाचं भांडं. सत्तरीच्या आईला आठ दिवस शेजाऱ्यांकडे जावं लागलं. त्या आठ दिवसांची तिला वाटलेली लाज माझ्या मनातून अजून गेलेली नाही. ठेकेदारानं फसवलं असं मी म्हणत नाही. त्यानं कोरड्या मातीची परीक्षा घेतली आणि राहायचं होतं ओल्या मातीत.

म्हणून चाचणी अशी करा. यासाठी ठेकेदार लागत नाही, तुम्ही आणि घरचे मिळून करू शकता. जिथं पाणी मुरवायचं म्हणताय तिथं, खड्ड्याचा तळ जितका खोल येणार तितकं खाली जाऊन एक छोटं भोक घ्या, वीतभर ते फूटभर लांबी-रुंदीचं. पावड्यानं बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर खरवडून घ्या. भोक पाण्यानं भरून ठेवा. मानक म्हणतं रात्रभर भिजू द्या. आपल्या काळ्या मातीसाठी मी म्हणतो, दोन दिवस सतत पाणी घालून भिजत ठेवा, म्हणजे ती फुगायची तेवढी फुगेल. मग तळाला दोन इंच जाडी वाळू पसरा, वाळूवर सहा इंच पाणी घाला, एक पट्टी उभी रोवा आणि घड्याळ लावून बघत राहा. पाणी इंचभर उतरायला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. तीस मिनिटांच्या आत इंचभर उतरलं तर शोषखड्डा चालेल. तीस ते साठच्या मध्ये असेल तर उभ्या खड्ड्याऐवजी उथळ लांब चर खणून त्यात पाणी पसरवावं लागतं. साठ मिनिटांच्या वर गेलं तर ते पाणी तिथं मुरवायचा नाद सोडायचा. निव्वळ काळ्या मातीत उत्तर बहुतेक वेळा साठच्या वरच येतं. मुरुमापर्यंत गेलात तर ते झपाट्यानं सुधारतं आणि गवंडी तिथंच खूश होतो. पण मुरूम लागला की बोअरचा धोका वाढला, हे लक्षात असू द्या. वरची माती मुरवत नाही आणि खालचा मुरूम गाळत नाही, आपल्या रानाची खरी कोंडी ही आहे.

काळ्या मातीत घराच्या पायाजवळ पाणी मुरवण्याचा आणखी एक तोटा असतो. माती एका बाजूनं सतत ओली राहिली की ती बाजू फुगलेली राहते, दुसरी उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीला तिरप्या भेगा पडतात. मग लोक सिमेंटला दोष देत बसतात. मानकात शोषखड्डा घरापासून ६ मीटर लांब असावा असं आहे. तुमच्या प्लॉटवर तेही जमणार नाही.

मग तुमच्या घरासाठी माझं मत असं: पाणी जमिनीत सोडायचंच नाही. तळ आणि भिंती पक्क्या असलेली टाकी, तिला जोडून खडीची गाळणी, गाळणीतून निघालेलं पाणी पक्क्या तळाच्या झाडांच्या वाफ्यात, आणि वाफ्यात न मावणारं जादा पाणी नगर परिषदेच्या लेखी परवानगीनं रस्त्याकडेच्या उघड्या गटारात. गाळणी म्हणजे टाकीशेजारीच बांधलेला दुसरा पक्का कप्पा. टाकीतलं पाणी पाइपानं त्याच्या तळाशी आणून सोडायचं. तळाच्या जाळीवर पाऊण इंची धुतलेली खडी साडेतीन-चार फूट जाडीनं भरायची. पाणी खालून वर चढतं, खडीवर धरलेला जिवाणूंचा थर त्यातली घाण खातो आणि वरून बरंच निवळलेलं पाणी बाहेर पडतं. गाळणीचं माप टाकीत मावणाऱ्या पाण्याच्या एक तृतीयांश ते निम्मं धरतात. वाफ्यात कर्दळ आणि केळी लावा, दोन्हींना पाणी भरपूर लागतं. उन्हाळ्यात बरंचसं पाणी झाडंच पिऊन टाकतील, गटारापर्यंत थोडंच जाईल. पावसाळ्यात जास्त जाईल, म्हणून परवानगी आधीच घ्या. गाळणीतून निघालेलं पाणी पिण्यालायक तर नसतंच, भाजीलाही घालायचं नाही. कोथिंबीर, मेथी, पालक तिथं लावू नका.

न्हाणीघराचं, कपड्यांचं आणि स्वयंपाकघराचं पाणी या टाकीत आणूच नका. साबणाचं आणि तेलाचं पाणी टाकीच्या पचनात बिघाड करतं आणि त्याच्या लोंढ्यानं बसलेला गाळ उठतो. ते वेगळ्या पाइपानं काढा, मध्ये तेल अडवायला एक छोटा चेंबर ठेवा आणि परसात नारळाला, अळूला द्या. जिथं जागा आहे आणि बोअर लांब आहे तिथं या पाण्यासाठी शोषखड्डा उत्तम. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी असे ‘जादूचे शोषखड्डे’ केले, उघडी गटारं संपली आणि डासही गेले. मात्र ते खड्डे सांडपाण्याचे आहेत, मैल्याचे नव्हेत. लोक दोन्ही एकच समजून चालतात. आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस तुम्ही जवळून पाहिलेत. न्हाणीचं पाणी झाडांना देण्याबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको.

टाकीचं माप. गवंड्याला दहा फूट खोली हवी, पण खोलीनं काही साधत नाही, लांबी हवी. पाणी जितकं लांब सरकत जाईल तितका गाळ बसतो. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी. दहा माणसांसाठी, दोन वर्षांनी उपसा धरून, मानकातलं माप आहे लांबी २ मीटर, रुंदी ९० सेंटीमीटर, पाण्याची खोली १.४ मीटर. फुटांत सांगायचं तर साडेसहा बाय तीन, पाणी साडेचार फुटांच्या थोडं वर, आणि त्याच्या वर फूटभर मोकळी जागा. हे आतलं माप आहे, भिंती सोडून. अडीच हजार लिटर पाणी मावतं. दोन हजार लिटरच्या वरच्या टाकीला मध्ये आडभिंत लागते, आत येण्याच्या बाजूनं दोन तृतीयांश अंतरावर. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांना टी (इंग्रजी T आकाराचा जोड) लावून घ्या, म्हणजे वरची साय बाहेर जाणार नाही. बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा दोन इंच खाली. संडासापासून टाकीपर्यंतच्या चार इंची पाइपाला दर दहा फुटांना तीन इंच उतार, आणि काटकोनात वळण आलं की तिथं चेंबर. हवेचा पाइप स्लॅबच्याही दोन मीटर वर न्या, तोंडाला डासांची जाळी बांधा. आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा हवा. बाहेरून कोण करतं, असं म्हणतील, पण काळी माती पावसाळ्यात बाहेरून दाबते आणि भिंतीतून ओलही आत येते. टाकीभोवती खोदलेली काळी मातीच परत न लोटता मुरूम भरून घ्या.

तयार प्लास्टिकची टाकी कोणी सुचवली तर ती वाईट नसते, पण एक चूक सगळीकडे होते. रिकामी टाकी खड्ड्यात ठेवून भोवती माती भरतात. मातीच्या दाबानं ती चेपते, नाहीतर खड्ड्यात पावसाचं पाणी साचून टाकी होडीसारखी वर येते. भोवती भराव घालत असतानाच आतही पाणी भरत राहायचं. आणि ‘बायो’ नावाच्या टाक्या विकणारे पाणी एकदम शुद्ध होतं म्हणतात, त्यावर बोअरशेजारी शोषखड्डा करू नका. टाकी कुठलीही असो, बाहेर येणारं पाणी सांडपाणीच असतं.

आता लायसन्सचं. तुमच्या मुलाचं म्हणणं चुकीचं नाही, पण ‘लायसन्सवाला’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरतात. सार्वजनिक बांधकाम विभागाकडची ठेकेदाराची नोंदणी असते ती सरकारी कामांच्या निविदा भरण्यासाठी. ती असली म्हणजे त्याला सेप्टिक टँक कळतो असं नाही. नगर परिषदेचा परवानाधारक प्लंबर वेगळा, घराचा नकाशा करून सही देणारा इंजिनिअर आणखी वेगळा. म्हणून त्याला सरळ विचारा, परवाना कशाचा, कोणी दिलेला, कधीपर्यंतचा आणि कोणाच्या नावावर. कागद हातात घेऊन तारीख बघा, मग नगर परिषदेच्या बांधकाम विभागात जाऊन खात्री करा. बऱ्याचदा परवाना भावाच्या नावावर असतो आणि खड्ड्यावर तिसराच माणूस उभा असतो. आणि तुमच्या बांधकाम परवानगीच्या नकाशात टाकी कुठं दाखवलीय ते काढून बघा. जागा बदलायची असेल तर नकाशा करणाऱ्या इंजिनिअरकडूनच बदलून घ्या, म्हणजे पुढं भोगवटा प्रमाणपत्राला अडणार नाही.

कागदापेक्षा मी एक गोष्ट जास्त मानतो. त्यानं दोन-तीन वर्षांपूर्वी बांधलेल्या दोन टाक्या दाखवायला सांगा आणि तिथल्या घरच्या बाईशी बोला. घरच्या माणसाला खर्च आठवतो. वास येतो का, पावसाळ्यात तुंबतं का, उपसा झाला का, हे घरातल्या बाईला ठाऊक असतं.

१ लाख ४० हजार जास्त की कमी, ते आत काय काय धरलंय त्यावर आहे. शोषखड्डा वगळा, गाळणी आणि वाफा धरा, आणि त्याच्याकडून नव्यानं लेखी घ्या. आतली मापं, भिंतीची जाडी, गिलावा, पाइप कुठल्या प्रतीचे, झाकणं किती, खोदलेली माती कोण नेणार, सगळं त्यात यायला हवं. पैसे टप्प्यानं द्या आणि शेवटचा मोठा टप्पा पाण्याच्या चाचणीनंतर. टाकी बांधून, पाणी मारून पक्की झाली की पाइपांची तोंडं बंद करून बाहेरच्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरायची, भिंतीवर खूण करायची आणि चोवीस तासांनी बघायचं. पाणी उतरलं असेल तर गळती शोधून परत गिलावा. भोवतीचा भराव ही चाचणी झाल्यावरच, कारण ओल बाहेरून दिसायला हवी. मातीखाली जाणाऱ्या प्रत्येक पाइपाचा झाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढून मुलाला पाठवून ठेवा. दहा वर्षांनी चेंबर शोधायची वेळ येते तेव्हा तेच कामाला येतात. आणि तुमच्या गवंड्याला दुखवायचं कारण नाही. या मापानं, या चाचणीला तयार होऊन तोच बांधत असेल आणि एखादा इंजिनिअर येऊन बघत असेल, तर खुशाल त्याच्याकडून करून घ्या. घरच्यांनाही मग त्यांचा माणूस गेला असं वाटणार नाही.

यानंतरचं नीट वाचा, घरच्यांनाही वाचून दाखवा. टाकीत माणूस उतरवायचा नाही. भरलेल्या टाकीत नाही आणि झाकलेल्या नव्या टाकीतही नाही. २०२३ च्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यातल्या एका तांड्यावर सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गेले. आत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू असतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. एकजण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि ते बहुधा एकमेकांचे भाऊ-चुलते असतात. सुरक्षेची साधनं आणि खबरदारी न घेता माणसाकडून टाकी साफ करून घ्यायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गेलेल्या माणसाच्या घरच्यांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या ऑक्टोबरात सांगितलं. पण हे मी कायद्याच्या भीतीनं सांगत नाही. आपल्या अंगणात कोणाचं लेकरू जाऊ नये म्हणून सांगतो.

नव्या टाकीचा धोका कोणी सांगत नाही. टाकीवर स्लॅब टाकतात, आत सेंट्रिंगच्या, म्हणजे ओल्या स्लॅबला खालून आधार दिलेल्या फळ्या-बल्ल्या राहतात, खाली पाणी साचतं, आठ-पंधरा दिवस तोंड बंद. ओलं लाकूड कुजताना आतला प्राणवायू खाऊन टाकतं. मग फळ्या काढायला एक पोरगा उतरतो आणि वर येत नाही. अजून एकदाही संडास न वापरलेल्या टाकीत माणसं अशी गेली आहेत. यावर सोपा उपाय आहे. टाकीवर जागेवर स्लॅब टाकूच नका. बाहेर ओतून घेतलेले आरसीसीचे तुकडे आडवे ठेवून झाका, आत सेंट्रिंग लागतच नाही. हे ठेकेदाराच्या कागदावर लिहून घ्या. खोदतानाही काळ्या मातीची कड ढासळते, छातीच्या वर खोल गेलं की बाजू तिरप्या घ्यायला लावा. आणि काम चालू असेपर्यंत रात्री खड्ड्यावर पत्रे, भोवती कठडा. वसाहतीत लेकरं खेळतात.

उपसा व्हॅक्यूमच्या टँकरनंच करायचा. म्हणून टाकी मागच्या बोळात न घेता रस्त्याच्या बाजूला, पण बोअर नसलेल्या दुसऱ्या कोपऱ्यात घ्या. झाकणावर फरशी-टाइल बसवून ते पुरून टाकू नका. वाई आणि सिन्नरच्या नगर परिषदांनी घरोघरच्या टाक्या ठरलेल्या वेळापत्रकानं उपसायला सुरुवात केली. तुमच्याकडे तशी सोय आहे का ते नगर परिषदेत विचारा. नसेल तर दर दोन वर्षांनी दिवाळीनंतर स्वतः फोन करा आणि टँकरवाला ते नेऊन कुठं ओततो तेही विचारा. कोणाच्या नाल्यात ओतत असेल तर त्याला बोलावू नका.

पावसाच्या आत उरकण्याबद्दल: काम दोन भागांत करा. टाकी आणि गाळणी आत्ता, मृगाच्या आधी. वाफा आणि गटाराची जोडणी परवानगी हातात आल्यावर. टाकी बांधून पाण्यानं भरून ठेवली तर पावसात तिला काही होत नाही. घाईत शोषखड्डा मात्र उरकू नका.

टाकी चालू करताना पाण्यानं भरून घ्या आणि शेजारच्या चालू टाकीतला बादलीभर गाळ मिळाला तर तो टाका. नाही मिळाला तर कुजलेल्या शेणाचा काला पुरतो, मानकातही तसंच सांगितलंय. बाजारातली जिवाणूंची पुडी विकत घ्यायची गरज नाही. संडास धुवायला ॲसिड वापरू नका, ब्रश आणि थोडी साबणाची पूड बस. फिनेल, ब्लीचिंग पावडर ओतत राहिलात तर ज्यांच्या जिवावर टाकी चालते ते जिवाणूच मरतात. सॅनिटरी पॅड आणि लेकरांचे डायपर भांड्यात कधीही नाही. पाहुण्यांसाठी तिथं झाकणाची बादली ठेवा, म्हणजे कोणाला सांगावं लागत नाही.

आणि बोअर. टाकी बांधण्याआधी एकदा त्याचं पाणी तपासून घ्या, जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत. जंतू आणि नायट्रेट, दोन्ही तपासायला सांगा. नायट्रेट उकळून जात नाही. पुढं दरवर्षी पावसाळ्यानंतर एकदा तपासा. तुम्ही सगळं नीट केलं तरी शेजाऱ्याची टाकी बिनतळाची असू शकते, म्हणून अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. शेजारच्या तीन-चार घरांना एकदा चहाला बोलवा, कोणाचा बोअर कुठं आणि कोणाची टाकी कुठं ते एका कागदावर काढा. घरं बांधायची आहेत तोवर जागा बदलता येते.

तुम्हाला जमिनीत पाणी सोडायचं नाही, तरी भिजवलेल्या मातीची चाचणी करून ठेवा. तुमच्या गवंड्याला आणि पुढच्या प्लॉटवाल्यांना दाखवायला ती उपयोगी पडेल. आकडे, बोअरचं अंतर आणि प्लॉटचा कच्चा नकाशा मला पाठवा. गाळणीची आणि वाफ्याची मापं त्यावरून काढून देतो, तीच ठेकेदाराच्या कागदावर लिहून घ्या.